आपल्या हाताने घास

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



शेतातलं काम, चूल, जनावरं, गटाची बैठक हे सगळं सांभाळून तुम्ही रेडिओ लावता, त्याबद्दल आधी तुमचे आभार. आज मी मुलांसाठीच्या एका उपचाराविषयी बोलणार आहे. त्याचं नाव जरा अवघड आहे. मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात आणि दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपी. चिठ्ठीवर डॉक्टर नुसतं 'ओ.टी.' एवढंच लिहितात. ते वाचून कितीतरी घरांत लोक घाबरतात, कारण ऑपरेशन थिएटरलाही ओ.टी.च म्हणतात. तेव्हा पहिल्यांदा हे सांगते, की या उपचारात कापाकापी नाही, सुई नाही आणि गोळीही नाही.

व्यवसाय म्हटलं की आपल्याला पापड-मसाले, शेळीपालन आणि बँकेचा हप्ता आठवतो. इथे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी जी कामं करतो, ती सगळी त्याचा व्यवसाय. मग लहान मुलाचा व्यवसाय काय? खेळणं, जेवणं, सदरा अंगात घालणं, शी-शूला जाणं, पाटीवर रेघा ओढणं, चार पोरांत मिसळणं. काही मुलांना आजारामुळे किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे हे जमत नाही. त्यांना ते शिकवणं, आणि जिथे शरीर साथ देत नाही तिथे वस्तू बदलून किंवा पद्धत बदलून काम जमवून देणं, हा व्यवसायोपचार.

फिजिओथेरपी आणि हे एकच का, असं बायका विचारतात. दोन्ही शेजारी-शेजारीच चालतात. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, उभं राहणं आणि चालणं पाहतात. व्यवसायोपचार करणारी व्यक्ती विचारते, की हा हात हलायला लागला, आता या हाताने मूल करणार काय? पेला धरेल का? बटण लावेल का?

आपल्या देशात या विद्येचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत. १९५० साली के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची पहिली शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची आहे. म्हणजे ही काही काल-परवा निघालेली शहरी टूम नाही. पंच्याहत्तर वर्षांचं काम आहे, फक्त ते आपल्या वाडी-वस्तीपर्यंत फार थोडं पोचलं.

हा उपचार पुष्कळ मुलांना उपयोगी पडतो. स्वमग्न मूल असो, बुद्धीची वाढ संथ असलेलं असो, भाजल्यामुळे हात आखडलेलं असो. पण आज मी एकाच प्रकारच्या मुलाबद्दल बोलते, म्हणजे नीट सांगता येईल. सेरेब्रल पाल्सी झालेलं मूल. प्रमाणपत्रावर याला 'मेंदूचा पक्षाघात' असंही लिहितात.

यात होतं असं, की बाळ पोटात असताना, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूच्या कोवळ्या भागाला इजा होते. त्यामुळे स्नायूंना मिळणारे हुकूम बिघडतात. काही मुलांचे हातपाय ताठ होतात, काहींचे फार लुळे पडतात, काहींचे आपोआप हलत राहतात. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण ती पुसूनही टाकता येत नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून होत नाही, कुणाच्या शापाने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असंही धरून चालू नका. यातल्या कितीतरी मुलांची समज चांगली असते. तोंड साथ देत नाही, एवढंच.

मैत्रिणींनो, ओळखायचं कसं ते आता सांगते. चार महिने पुरे झाले तरी बाळ मान धरत नाही. तीन महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या राहतात. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही. दूध पिताना वरचेवर ठसका लागतो. अंग लाकडासारखं ताठ किंवा चिंधीसारखं लुळं लागतं. आणखी एक खूण, जिचं आपण उलट कौतुक करतो. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेतं आणि दुसरा हात वापरतच नाही. 'डावखुरा होणार गं!' म्हणून आपण हसतो. एवढ्या लहानपणी बाळाने दोन्ही हात वापरायला हवेत. यातलं काही दिसलं म्हणजे सेरेब्रल पाल्सी झालीच, असं नव्हे. पण त्याच आठवड्यात दाखवून घ्यायचं. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल, वजन फार कमी असेल, जन्मल्यावर उशिरा रडलं असेल, काचेच्या पेटीत ठेवलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल, तर जास्तच लक्ष ठेवा. माता-बाल संरक्षण कार्डावर या वाढीच्या टप्प्यांची चित्रं असतात. ते कार्ड फक्त लसीच्या दिवशी पेटीतून काढू नका.

'त्याचा मामा पण उशिराच चालला होता,' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मामा चालला असेल. पण पहिल्या काही वर्षांत मेंदू फार वेगाने शिकतो, एक वाट बंद असली तर दुसरी शोधतो. वाट पाहण्यात आणि देवऋषाच्या अंगाऱ्यात नेमकी तीच वर्षं निघून जातात.

आता मूळ गोष्टीकडे येते. अशा मुलाची आई मला जे विचारते, ते औषधाबद्दल नसतं. ती विचारते, "माझ्यामागं याला कोण भरवणार?" मूल आठ वर्षांचं असतं, दहा वर्षांचं असतं. ती त्याला उचलते, न्हाऊ घालते, भरवते. तिची कंबर गेलेली असते. मजुरीला जाता येत नाही, लग्नकार्याला जाता येत नाही, गटाच्या बैठकीलासुद्धा ती येत नाही आणि हळूहळू आपणही तिला निरोप देणं सोडून देतो. या तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुठल्याच उपचाराकडे नाही. पण मुलाने एक घास आपल्या हाताने तोंडात घातला, की त्या उत्तराची सुरुवात होते. म्हणून आज आपण फक्त घासाचंच बघू.

एक घास खायला काय काय लागतं, मोजा बरं. धड ताठ ठेवावं लागतं. मान स्थिर लागते. ताटलीकडे बघावं लागतं. हात पुढे न्यायचा, घास धरायचा, तोंडापर्यंत आणायचा, वाटेत सांडू द्यायचा नाही. मग ओठ मिटायचे, चावायचं, गिळायचं. आपण हे नकळत करतो. या मुलाला यातली प्रत्येक पायरी डोंगर असते. व्यवसायोपचार करणारी व्यक्ती मुलाला जेवताना बघते आणि गाडी नेमकी कुठे अडते ते शोधते. पुष्कळदा अडचण हातात नसतेच, ती बैठकीत असते. धड डुगडुगत असेल तर मूल सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं. मग हात मोकळा कुठून होणार?

म्हणून पहिली गोष्ट बसण्याची. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात मुलाला बसवा. दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट वळकट्या लावा. लहान खुर्ची असेल तर पाय लोंबते ठेवू नका, खाली पाट किंवा वीट ठेवून तळवे टेकवा. गुडघे आणि कंबर दोन्ही काटकोनात यायला हवीत. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील तर गुडघ्यांमध्ये कापडाची गुंडाळी ठेवा. अशा मुलाला कडेवर घेतानाही पाय दोन्हीकडे फाकवून घ्या, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन नको.

दुसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका. आडवं पाडून, मांडीवर डोकं मागे टाकून भरवू नका. मान मागे गेली की अन्न श्वासाच्या नळीत जायची भीती असते. मूल बसतं हवं आणि हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली हवी. तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून भरवलं की मूल मान वर करतं. घास लहान द्या, पहिला गिळला हे बघून मग दुसरा द्या. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा वरणात मऊ कालवलेला भात काही मुलांना सोपा जातो. जेवताना रोज खोकला येत असेल, घशात घरघर होत असेल, छातीचा त्रास आणि ताप वरचेवर येत असेल तर घरचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट वस्तूंची. चमचा हातातून निसटतो का? दांड्यावर कापडाची चिंधी गुंडाळून तो जाड करा, किंवा सायकलच्या हँडलचं जुनं रबर चढवा. ताटली सरकते का? खाली ओला फडका पसरा. अन्न काठाबाहेर जातं का? उभ्या काठाची ताटली घ्या, म्हणजे घास काठाला अडून चमच्यात येतो. दोन कानांचा पेला दोन्ही हातांनी धरता येतो. यात विकत आणण्यासारखं फारसं काही नाही.

चौथी गोष्ट शिकवण्याची. त्याच्या हातावर तुमचा हात ठेवा. घास उचला, तोंडाजवळ आणा आणि अगदी शेवटी, ओठाजवळ आल्यावर तुमचा हात सोडा. शेवटचा तेवढा भाग त्याने करायचा. ते जमलं की थोडं आधी सोडा, मग आणखी आधी. असं मागून पुढे शिकवलं की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हाताने पुरं होतं आणि घास तोंडात पडल्याचा आनंद त्याला मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, भरवलं तर दहा मिनिटांत होतं. त्याच्या हाताने दिलं तर पाऊण तास, आणि सारवलेलं सगळं घाण." खरं आहे. शेतावर जायच्या घाईत हे होणार नाही. म्हणून तिन्ही वेळा करू नका. एकच वेळ ठरवा, घरात थोडी उसंत असेल ती. त्यातही पहिले चार घास त्याचे, कारण तेव्हा भूक असते. बाकीचं तुम्ही भरवा. पण ते चार घास रोजचे. दवाखान्यात थेरपिस्ट महिन्यातून दोनदा भेटेल, अर्धा-पाऊण तास. घरात जेवणं महिन्याला नव्वद होतात. उपचार खरा कुठे होतो, ते यावरून समजून घ्या.

आणि घरातल्या आजीला हे समजावून सांगा. आजी मायेने भरवते, तिला नातवाची धडपड बघवत नाही. तिला थांबवू नका, तिलाच शिकवा. 'तुमचा हात शेवटी सोडा' एवढं तिला सांगितलं की ती तुमच्यापेक्षा जास्त धीराने करेल. मुलाच्या वडिलांनाही एक वेळ वाटून द्या. हे काम एकट्या आईचं नाही.

घासाचं जे सांगितलं तेच बाकीच्या कामांना लावायचं. सदरा घालताना जो हात अडतो तो आधी बाहीत घाला, आणि काढताना तो शेवटी काढा. बारीक बटणांऐवजी चिकटपट्टी शिवून घ्या, चड्डीला इलास्टिक घाला. शौचासाठी जुन्या खुर्चीला मधे भोक पाडून घ्या आणि बाजूला धरायला लाकडी दांडी ठोका. लिहायला लागेल त्याला लांब खडूऐवजी खडूचा बोटभर तुकडा द्या, म्हणजे मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं हे बोटांचे व्यायामच आहेत. मात्र वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान मुलाजवळ दाणे ठेवू नका. मालिश जरूर करा, पण ताठ झालेला हात जोराने ओढून सरळ करू नका. ओढला की तो आणखी ताठ होतो.

घरात अशी मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. ती दहा-अकरा वर्षांची झाली की पाळी येण्याच्या आधीच तयारी सुरू करा. चड्डीला पॅड लावणं, काढणं, गुंडाळून टाकणं आणि हात धुणं हे पायरी-पायरीने, कोरड्या पॅडवर सरावाने शिकवता येतं. आपलं अंग कुणी धुवायचं, कुणी नाही, आणि नको असेल तर 'नको' कसं सांगायचं, हेही त्यातच शिकवा. ती बोलत नसेल तर हाताने, मानेने सांगायला शिकवा. हेसुद्धा व्यवसायोपचाराचं काम आहे. थेरपिस्टला विचारायला लाजू नका.

आता जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तुम्हाला माहीत असेल. तो २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरात लपवू नका. त्यांनी चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. सगळ्या केंद्रांत सगळ्या जागा भरलेल्या असतीलच असं नाही. म्हणून व्यवसायोपचाराचे तज्ज्ञ कोणत्या वारी असतात, ते आशाताईंकडून आधी फोनवर विचारून घ्या. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी फुकट जायला नको.

कागदपत्रांत अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. ते नसेल तर पुढची दारं उघडत नाहीत. 'निरामय' ही आरोग्य विम्याची योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क दिला आहे. 'आमच्याकडे याला कोण सांभाळणार' असं शाळेने म्हटलं, तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा.

आणि आता गटाचं काम. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो किती जमा झाला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. एकटी आई विचारणार नाही, तिला भीती वाटते. दहा-बारा जणी मिळून विचारा. त्या पैशातून बसायची खास खुर्ची मिळू शकते, शाळेच्या शौचालयात धरायची दांडी लागू शकते.

दुसरं काम याहून सोपं आहे. आपल्या गटाच्या वस्तीत असं मूल असलेल्या किती आया आहेत, त्यांची नावं पुढच्या बैठकीत काढा. महिन्यातून एक दिवस एकीने तिच्या मुलाजवळ बसायचं, म्हणजे ती केंद्रावर, बँकेत किंवा नुसती माहेरी जाऊन येईल. बसाल त्या दिवशी मुलाला भरवायची वेळ आली, तर तिच्याकडून शिकून घ्या. कोपऱ्यात नीट बसवा, हातावर हात ठेवा आणि ओठाजवळ आल्यावर सोडा. "माझ्यामागं कोण" असं ती विचारते ना, तेव्हा तिला आजूबाजूला निदान चार हात दिसायला हवेत, ज्यांना हे करता येतं.

सांडेल. सांडू द्या. पुसायला फडका जवळ ठेवा.